बग्गीचा एक्झॉस्ट नेमका तिथेच का तुटतो

माझ्या पहिल्या बग्गीचा (नळ्यांच्या पिंजऱ्याची उघडी ऑफ-रोड गाडी) एक्झॉस्ट तीनदा तुटला आणि तिन्ही वेळा एकाच जागी, हेडच्या फ्लँजपासून (पाइप इंजिनाच्या डोक्याला बोल्टांनी जोडणारी जाड चकती) बोटभर खाली. पहिल्यांदा मी वेल्डिंगला शिव्या घातल्या (वेल्डिंग माझंच होतं, म्हणून जरा हळू आवाजात), दुसऱ्यांदा पाइप पातळ आहे असं ठरवून १.६ मिमीच्या जागी २ मिमीचा घातला, आणि तिसऱ्यांदा तो जाडजूड पाइप तर तडकलाच, वर हेडमधला एक स्टड आट्यांसकट बाहेर आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा सगळा प्रकार. दुखणं त्या जागेत नव्हतंच, ते होतं पार मागे, जिथे मी सायलेन्सर दोन दणकट बोल्टांनी चॅसिसला आवळून टाकला होता, आणि तेसुद्धा मोठ्या अभिमानानं, की बघा आता हा हलतच नाही.

हलत नव्हता, तीच तर भानगड होती.

बग्गी चालताना कोण कोण हलतं ते आधी बघू. इंजिन फाउंडेशनच्या रबरांवर बसलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाकांकडे जेवढा पीळ जातो त्याचा उलटा पीळ इंजिनाच्या अंगावर येतो आणि इंजिन एका अंगाला कलतं, पाय काढला की परत येतं. फाउंडेशनपाशी ही हालचाल दोन-चार मिलिमीटरच असते, पण त्याच इंजिनाला बांधलेल्या पाऊण मीटर लांब पाइपच्या टोकाशी ती तरफेसारखी वाढते आणि सहज एक-दीड सेंटिमीटर होते. बघायचं असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाकांना अडसर लावून, दुसऱ्या कोणाला तरी अ‍ॅक्सिलरेटरला झटके द्यायला सांगा आणि लांबून पाइपच्या टोकाकडे बघत राहा. आणि हे फक्त न्यूट्रलमधलं, पहिल्या गिअरमध्ये चढावर खडकात चाक अडकलेलं असताना इंजिन किती कलत असेल याचा अंदाज त्यावरून करा.

चॅसिसची कथा वेगळीच. नळ्यांचा पिंजरा कितीही मजबूत बांधला तरी एक चाक हवेत आणि समोरचं तिरपं चाक खड्ड्यात असं झालं की तो थोडा पिळतोच. म्हणजे इंजिन आपल्या तालात, चॅसिस आपल्या तालात, आणि या दोघांना जोडणारी एकमेव सलग कडक वस्तू कोणती, तर आपला एक्झॉस्ट. दोन डगरींवर पाय ठेवलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं होतं. आणि तुटायची वेळ आली की तो कमजोर जागी तुटतो, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त तापतो आणि जिथे जाड फ्लँजला पातळ पाइप वेल्ड केलेला असतो तिथे, वेल्डमध्ये नाही तर वेल्डच्या अगदी काठाला. म्हणून सगळे वेल्डरला धरतात.

यात भर म्हणजे थरथर. चार सिलिंडरच्या सरळ ओळीतल्या इंजिनात क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) एका फेऱ्याला दोन हादरे हा मुख्य ताल असतो, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० आणि तासाला ३ लाख ६० हजार. तार हातात धरून इकडून तिकडे वाकवत राहिलं की वीस-पंचवीस वाकवण्यांत तुटते ना, इथे वाकणं डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक असतं पण मोजणी लाखांत चालते. त्यामुळे एखादा एक्झॉस्ट दोन ट्रिप मस्त चालतो आणि तिसऱ्या ट्रिपला सपाट रस्त्यावर, काहीही न आपटता तुटतो, आणि आपण म्हणतो की काहीच झालं नव्हतं हो. झालेलं असतं, रोज थोडं थोडं.

म्हणून माझ्या मते पाइपला हात लावायच्या आधी एकच प्रश्न सोडवायचा: हा एक्झॉस्ट कोणाचा? इंजिनाचा की चॅसिसचा? बाकीचे सगळे निर्णय यातूनच निघतात.

पहिला मार्ग, सगळा एक्झॉस्ट इंजिनाचा. हेडरपासून (इंजिनातून निघणाऱ्या पहिल्या पाइपांच्या गटापासून) सायलेन्सरच्या शेपटीपर्यंत सगळं इंजिन-गिअरबॉक्सच्या अंगावर, चॅसिसला कुठेही स्पर्श नाही. इंजिन कललं की एक्झॉस्ट त्याच्यासोबत कलतो, भांडणच नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या एअर-कूल्ड इंजिनावर ज्या बग्ग्या बांधल्या जातात त्यात साधारण हेच असतं: इंजिन गिअरबॉक्सच्या मागे लटकलेलं, चारही पोर्टांमधून (इंजिनातून धूर निघायच्या तोंडांमधून) आलेले पाइप मागे एकत्र येतात आणि सायलेन्सर त्या हेडरवरच बसतो. ब्रूस मायर्सनं १९६४ साली कॅलिफोर्नियात जी मायर्स मँक्स बनवली, म्हणजे जिच्यावरून अख्ख्या ड्यून बग्गी जमातीला तोंडवळा मिळाला, ती याच मांडणीची, आणि १९६७ च्या पहिल्या मेक्सिकन १००० शर्यतीत मँक्सच पहिली आली. मागे इंजिन असलेल्या छोट्या बग्गीला ही पद्धत इतकी सोयीची पडते की शक्य असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही, कारण पाइप मुळात आखूड असतो.

पण या मार्गात एक खड्डा आहे. सायलेन्सरचं वजन नुसत्या हेडच्या फ्लँजवर टांगायचं नाही. समजा सायलेन्सर ५ किलोचा आहे आणि फ्लँजपासून ६० सेंटिमीटर लांब. बग्गी उडी मारून आपटली आणि चार जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट, दणका बसला तर त्या क्षणी तो ५ चा २० किलो झाला, म्हणजे २० किलोची पिशवी ६० सेंटिमीटर लांबीच्या काठीच्या टोकाला बांधून काठी दुसऱ्या टोकाला धरायची, आणि ती काठी कोणती, तर ६००-७०० अंशांपर्यंत तापलेली दीड मिलिमीटर जाडीची नळी. साधं माइल्ड स्टील ५५०-६०० अंशांच्या आसपास आपली जवळपास निम्मी ताकद गमावून बसतं. तेव्हा सायलेन्सरचं वजन गिअरबॉक्सच्या किंवा इंजिन ब्लॉकच्या रिकाम्या बोल्टांवरून ब्रॅकेट काढून त्यावर घ्यायचं, आणि ते ब्रॅकेट एका सपाट पट्टीचं न करता त्रिकोणी करायचं. पट्टी एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला पंख्यासारखी हलते, आणि मग ती थरथरून आधी स्वतः तुटते, नंतर फ्लँजला तोडते. गिअरबॉक्सचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर एकाच बोल्टावर सगळा भार नको, दोन-तीन बोल्टांत वाटा.

दुसरा मार्ग, हेडर इंजिनाचा, बाकी सगळं चॅसिसचं, आणि मध्ये फ्लेक्स. पुढे किंवा मध्ये इंजिन असेल आणि पाइप लांब न्यायचा असेल तर याला पर्याय नाही. फ्लेक्स म्हणजे तो जाळीदार मोजा घातलेला लवचिक तुकडा, आत स्टेनलेसचा पन्हळी बेलोज असतो, आणि चांगल्यात आणखी आत गुंतलेल्या कड्यांचा लायनर असतो जो गरम वायूचा झोत बेलोजच्या पातळ पत्र्यावर थेट पडू देत नाही. हा तुकडा वाकायला तयार, थोडा दबायला-ताणायलाही तयार, पण पिळायला अजिबात तयार नाही. कपडा पिळतो तसा पिळला की पन्हळी सुरकुततात आणि थोड्याच दिवसांत फुटतात. त्यामुळे तो कुठे बसवायचा याला महत्त्व. इंजिन ज्या अक्षाभोवती कलतं त्याला काटकोनात फ्लेक्स असला पाहिजे. आडवं इंजिन (क्रँक गाडीच्या रुंदीत) पुढे-मागे कलतं, तिथे मागे जाणाऱ्या सरळ पाइपमध्ये फ्लेक्स लावला की तो फक्त वाकतो, उत्तम. उभं इंजिन (क्रँक गाडीच्या लांबीत) डावी-उजवीकडे कलतं, तिथे तसाच मागे जाणाऱ्या पाइपमध्ये लावला तर तो पिळला जातो, म्हणून पाइप जिथे आडवा जातो त्या तुकड्यात लावायचा. आणि शक्य तितका इंजिनाच्या जवळ, म्हणजे त्याला मुळातच कमी हलावं लागतं.

फ्लेक्सच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे त्यालाच आधार समजणं. फ्लेक्सनंतर वीतभर अंतरात चॅसिसवर पहिला हँगर (पाइप टांगून धरणारा आधार) आलाच पाहिजे, आणि फ्लेक्सच्या आधीचा भाग इंजिनाला ब्रॅकेटनं धरलेला पाहिजे. नाहीतर मागचं सगळं वजन फ्लेक्सवर लोंबकळतं आणि तो जाळीचा मोजा फाटून दाढीसारखा खाली येतो. मी पाहिलेल्या फाटलेल्या फ्लेक्सपैकी बहुतेकांच्या मागे हँगर एक तर फार लांब होता नाहीतर तुटून पडला होता आणि मालकाला पत्ता नव्हता.

तिसरा मार्ग म्हणजे स्लिप जॉइंट. एक पाइप दुसऱ्यात सरकवायचा आणि दोन-तीन स्प्रिंगांनी ओढून धरायचा, मोटोक्रॉस बाइकवर असतो तसाच. वेल्ड नाही, त्यामुळे हादरे आणि प्रसरण दोन्ही तिथेच जिरतात, आणि खोलायला स्प्रिंग ओढायचा हूक पुरतो. बाइकचं इंजिन टाकलेल्या हलक्या बग्गीला मला हे फार आवडतं. फक्त दोन पाइप एकमेकांत निदान ३०-४० मिमी गेलेले पाहिजेत, फट इतकी कमी की हातानं जेमतेम सरकेल, आणि वायू ज्या दिशेला जातो त्या दिशेला आतला पाइप बाहेरच्यात घुसला पाहिजे, उलट केलं तर वायू फटीवरच येऊन आदळतो आणि सगळीकडे काजळी. स्प्रिंगांना बारीक लॉक-वायर ओवून ठेवा, तुटली तरी मागच्या गाडीच्या काचेवर जाणार नाही. थोडी फुसफुस होते, ती होतेच.

आता प्रसरण, जे बहुतेक लोक विसरतात कारण गॅरेजमध्ये सगळं थंड असताना अगदी फिट बसतं. एक मीटर माइल्ड स्टीलचा पाइप ५०० अंशांनी तापला की ६-७ मिमी लांब होतो, ३०४ स्टेनलेस साधारण ९ मिमी. दोन मीटरचा स्टेनलेस एक्झॉस्ट सगळा तापला की जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर वाढणार आणि त्याला तुम्ही दोन्ही टोकांना बोल्ट मारलेत तर तो कुठे जाईल? वाकेल, नाहीतर काहीतरी ढकलेल. यावरचा नियम सोपा आहे, एक टोक पक्कं आणि बाकी सगळे आधार असे की पाइपला लांबीच्या दिशेनं सरकता यावं. पक्कं टोक बहुतेक वेळा इंजिनाकडचं असतं, मागचे हँगर झोके घेणारे. हँगर बसवताना तापल्यावर पाइप ज्या बाजूला सरकणार त्याच्या उलट बाजूला तो किंचित झुकलेला ठेवायचा, म्हणजे गरम झाल्यावर सरळ होतो.

हँगरच्या रबराचंही एक तंत्र आहे. साधं इपीडीएम रबर १२०-१५० अंशांपर्यंत दम धरतं, सिलिकॉनचं २०० च्या आसपास. त्यामुळे रबर पाइपला चिकटून ठेवायचं नाही, पाइपवरून १०-१२ मिमीचा सळीचा दांडा काढायचा, थोडा लांब, आणि रबर त्याच्या टोकाला. दांडा जितका लांब तितका रबरापर्यंत येईस्तोवर गार होतो, पण फार लांब केला तर तोच हलायला लागतो, ८-१० सेंटिमीटर मला बरा वाटतो. ऑफ-रोडला गाडीतले नुसते रबरी झुले पुरत नाहीत, उडीत पाइप हुकवरून निघून येतो, म्हणून दांड्याच्या टोकाला गोळा किंवा वायसर वेल्ड करायचा, किंवा झुल्याऐवजी मधून बोल्ट जाणारा रबर बुश घ्यायचा आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी कानांत धरायचा. बोल्ट एकाच कानात असेल तर दणक्यात तो वाकतो. वायर-रोपचे गोल आयसोलेटर मिळाले तर उत्तमच, त्यांना उष्णतेचं रबरासारखं वावडं नसतं.

हँगर कुठे लावायचा याची एक गंमत सांगतो. कुठलाही सरळ, सारख्या जाडीचा पाइप मोकळा वाजवला की तो जसा थरथरतो त्यात दोन जागा अशा असतात ज्या जवळजवळ हलतच नाहीत, दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांवर. १.२ मीटरच्या पाइपला दोन्हीकडून २६-२७ सेंटिमीटरवर. तिथे दोन बोटांनी धरून ठोकला तर घंटेसारखा वाजतो, मधोमध धरला तर ठक्क. हँगर अशा जागी असला की थरथर चॅसिसमध्ये कमी जाते आणि हँगरही कमी दमतो. सायलेन्सर जोडला की गणित बदलतं, जागा वजनाकडे सरकतात, तेव्हा अख्खा एक्झॉस्ट दोरीनं टांगून, ठोकून, बोटांनी चाचपून त्या जागा शोधायच्या. लोक हसतील, हसू दे.

ब्रॅकेट पाइपला वेल्ड कसा करायचा यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे कारण इथे चांगले चांगले फसतात. जाड पट्टी उभी करून थेट पातळ पाइपवर टेकवून वेल्ड मारला की जोर सगळा त्या वेल्डच्या दोन टोकांवर येतो आणि पाइपचा पत्रा तिथून डब्याच्या झाकणासारखा उघडतो. त्याऐवजी आधी पाइपच्याच गोलाईचा, पाइपच्याच जाडीचा एक पत्रा कापायचा, साधारण पाइपच्या अर्ध्या घेराइतका, कोपरे सगळे गोल केलेले, आणि तो खोगिरासारखा पाइपवर बसवायचा. वेल्ड मुख्यतः लांबीच्या दिशेच्या कडांना, पाइपला आडवी सलग वेल्डची रेघ नको, कारण पाइप वाकतो तो आडव्या रेघेवरच तुटतो. मग ब्रॅकेट त्या खोगिरावर. म्हणजे जोर पट्टीतून खोगिरात, खोगिरातून मोठ्या जागेवर पसरून पाइपमध्ये. आणि वेल्ड कोपऱ्यात संपवायचा नाही, वळण घेऊन पुढे नेऊन संपवायचा. शेवटचा खड्डा म्हणजे तड्यासाठी तयार दार.

मटेरियलवर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी थोडक्यात आटपतो. माइल्ड स्टील स्वस्त, सोपं, दणके सहन करतं, गंजतं. ३०४ स्टेनलेस (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) गंजत नाही पण वाढतं जास्त आणि उष्णता पसरवतं कमी, जिथे तापलं तिथेच तापून राहतं, म्हणून चुकीचा आधार त्याला माइल्ड स्टीलपेक्षा लवकर भोवतो. ४०९ हे मधलं, ११ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, वरून तांबूस होतं पण वाढतं माइल्ड स्टीलइतकंच, आणि गाड्यांचे कंपनीतून येणारे एक्झॉस्ट बरेचसे याचेच असतात. जाडी १.५-१.६ मिमी बरी, १.२ मिमी वजनाला छान पण दगड लागला की खोक. फ्लँज मात्र ८-१० मिमीचा हवा, पातळ फ्लँज तापून केळ्यासारखा वाकतो आणि गॅस्केट दर महिन्याला उडतं. पाण्याच्या लाइनचा गॅल्व्हनाइज्ड पाइप फुकट पडलाय म्हणून वापरू नका, त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये धूर होऊन छातीत जातं आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पाइपचा व्यास आणि लांबी हा स्वतंत्र विषय आहे, इथे इतकंच की मोठा म्हणजे चांगला असं नसतं. वायूचा प्रत्येक ठोका पाइपमधून जाताना मागे कमी दाबाची लाट सोडतो आणि ती वेळेवर पोर्टाशी परतली की सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. गरम वायूत ही लाट सेकंदाला ५५० मीटरच्या पुढे धावते, साध्या हवेत आवाज साधारण ३४३ नं जातो. पाइप उगाच मोठा केला की वायू मंद होतो आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो, आणि बग्गीला चिखलातून निघायला नेमका तोच लागतो. लोक म्हणतात बॅकप्रेशर (वायूला मागे ढकलणारा अडथळ्याचा दाब) हवं, बॅकप्रेशर कोणालाच नको असतं, वेग हवा असतो. १६०० सीसीच्या फोक्सवॅगन इंजिनाला ३५ ते ३८ मिमीचे प्रायमरी (पोर्टांना लागलेले पहिले पाइप) पुरतात. आणि चारही पाइप अगदी सारख्या लांबीचे करायच्या नादात एखादा पाइप चॅसिसला घासत असेल तर तो नाद सोडा.

बनवताना सगळं आधी डमीत करायचं, पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लॅस्टिकचा पाइप, काहीही. डमी बसली की सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण लोंबकळू देऊन बघायचं, स्प्रिंग काढून, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. सीव्ही जॉइंटचं (चाकाला जोर देणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) रबरी बूट, ब्रेकची लाइन, क्लचची केबल, पेट्रोलचा पाइप, यांच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं. कडक चॅसिसपासूनही निदान २५ मिमी, कारण इंजिन कलणार आहे. जिथे जवळून जाणं टळत नाही तिथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मध्ये लावा पण पाइप आणि पत्रा यांच्यात १० मिमी तरी हवा खेळती ठेवा. ते गुंडाळायचं हीट-रॅप दिसायला झकास, पण माइल्ड स्टीलवर ओलं होऊन राहतं आणि आतल्या आत पाइप गंजवतं, चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीला मी लावत नाही.

मग फ्लँज इंजिनाला पक्के बोल्ट करूनच टाके (तुटक छोटे वेल्ड) मारायचे, गाडीवरच. टाके मारताना बॅटरी काढून ठेवायची, आणि वेल्डिंगची अर्थिंग वेल्डच्या शेजारीच लावायची, चॅसिसच्या दुसऱ्या टोकाला लावली तर करंट बेअरिंगांतून जातो. पाइप ब्रेक-क्लीनरनं पुसला असेल तर आधी डबा वाचा, क्लोरीनवालं क्लीनर असेल तर वेल्डिंगच्या झगझगाटात त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो, गंमत नाही ही. पुढचा सलग वेल्ड काढून केला तरी फ्लँज जाड लोखंडावर आवळून ठेवा, एका दमात गोल न फिरता समोरासमोर थोडं थोडं, आणि गार झाल्यावर सरळपट्टी लावून बघा, वाकला असेल तर कानस किंवा सपाट काचेवर पॉलिश पेपर. स्टेनलेस आरगॉननं करत असाल तर पाइपच्या आतूनही आरगॉन सोडा, नाहीतर आतल्या बाजूला वेल्ड साखरेसारखा खडबडीत काळा होतो आणि तडा तिथूनच चालू होतो. ३०४ ला ३०८-एल ची सळी, माइल्ड स्टीलला स्टेनलेस जोडायचं तर ३०९-एल.

नट धातूचेच लॉकनट घ्या, नायलॉनवाले नकोत, पहिल्याच ट्रिपला नायलॉन वितळून नुसता नट उरतो. ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) पाइपच्या वरच्या अंगाला, सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर राहील असा, म्हणजे आत साचलेलं पाणी त्याच्यावर येत नाही, आणि गळक्या जोडाच्या नंतर नको, कारण फटीतून आत ओढलेली हवा त्याला खोटं सांगते आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उगाच पेट्रोल वाढवतो. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाणी निघायला. शेपटी माणसांच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला गेली पाहिजे, उघड्या गाडीत हवा मागून आत वळते आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गवतातून जाणार असाल तर पाइपवर सुकं गवत साचायला कोनाडे ठेवू नका आणि ठिणगी अडवणारी जाळी लावा.

पहिली फेरी मारायच्या आधी व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू शेपटीला लावून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी, बुडबुडे आले की कळतंच. पहिल्या फेरीनंतर पूर्ण गार होऊ द्या, मग सगळे बोल्ट परत आवळा, प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारा म्हणजे पुढच्या वेळी फिरला की दिसतो. आणि मग तडे वाचायला शिका. फ्लँजच्या खाली तडा असेल तर मागचा आधार फार कडक आहे किंवा नाहीच. ब्रॅकेटच्या वेल्डच्या टोकाला असेल तर खोगीर नाही. फ्लेक्स एका बाजूला फाटला असेल तर वजन लोंबतंय, तिरक्या सुरकुत्या असतील तर पिळला जातोय. गॅस्केट पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात जळत असेल तर कोणीतरी पाइप त्या बाजूनं ओढतंय. तडा दुरुस्त करायचा तर आधी त्याचं टोक शोधून तिथे ३ मिमीचं भोक पाडा, मग खाच काढून वेल्ड, पण ते ओढणारं कोण हे सापडल्याशिवाय वेल्डिंग मशीन चालूच करू नका.

माझ्या त्या बग्गीचं शेवटी असं केलं की चॅसिसवरचे दोन्ही दणकट बोल्ट काढले, गिअरबॉक्सच्या तीन बोल्टांवरून एक त्रिकोणी ब्रॅकेट काढला, सायलेन्सर त्यावर घेतला, आणि पाइप परत १.६ मिमीचाच घातला. आता बग्गी चालू असताना मागून बघितलं की सायलेन्सर इंजिनासोबत डुलताना दिसतो आणि नवीन माणूस हमखास येऊन सांगतो की अहो तुमचा सायलेन्सर ढिला आहे.